नदीचा पोहणारा समुद्रावर

नेवासा तालुक्यातील तुमच्यापैकी बरेचजण पोहायला कोठे शिकले असतील? प्रवरेच्या डोहात, नाही तर मळ्यातल्या विहिरीत. पाठीला वाळका भोपळा किंवा घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा बांधायचा, काठावरून कोणीतरी थोरल्याने ढकलून द्यायचे, चार दिवस नाकातोंडात पाणी जायचे आणि मग एके दिवशी भोपळा सुटायचा. अशा रीतीने तयार झालेला मुलगा किंवा मुलगी पाण्याला भीत नाही.

आता समजा, तुमच्या शाळेची सहल हिवाळ्यात सिंधुदुर्ग जिल्ह्यात निघाली. रात्रभर प्रवास करून तुम्ही मालवणजवळच्या तारकर्लीला पोचलात. समोर लांबच लांब पुळण, निळे-हिरवे पाणी. एका बाजूला मोटारबोटीच्या दोराला बांधलेली रंगीत छत्री माणसाला घेऊन आकाशात चढते आहे. दुसरीकडे केळ्याच्या आकाराच्या रबरी नावेवर बसलेली मुले ओरडताहेत. कोणी पाण्यावरची स्कूटर फिरवतो आहे, तर कोणी पाठीवर हवेची टाकी घेऊन प्रवाळ पाहायला बुडी मारतो आहे. वेस्ट इंडीजच्या किनाऱ्यांची जी चित्रे आपण पाहतो, त्याच जातीची ही गजबज. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा व जलक्रीडा शिकवणारी संस्थाही याच तारकर्लीत आहे.

हे सारे पाहून नेवाशाच्या पट्टीच्या पोहणाऱ्याला वाटते, "पाणी ते पाणी! प्रवरेचे काय आणि समुद्राचे काय!" येथेच थोडे थांबायला हवे. तुमची प्रवरा सह्याद्रीत रतनगडाच्या परिसरात उगम पावते. तेथून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभरएक किलोमीटरच आहे. पण ती त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला वळते, प्रवरासंगमाला गोदावरीत मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागराकडे जाते. त्यामुळे आपल्याकडच्या मुलांना नदी कळते. समुद्र कळत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडला सहलीसाठी गेलेल्या पुण्याच्या एका महाविद्यालयाचे दहाहून अधिक विद्यार्थी समुद्रात बुडून मरण पावले. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीलाच पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. समुद्रावर जाऊच नये, असा याचा अर्थ नाही. जाण्यापूर्वी त्याचे नियम समजून घ्यावेत, एवढाच अर्थ आहे. हे नियम तुमच्या विज्ञानाच्या आणि गणिताच्या पुस्तकात आहेतच.

खारे पाणी जास्त उचलते

एक लिटर गोड्या पाण्याचे वस्तुमान १ किलोग्रॅम असते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात आणि त्याचे वस्तुमान सुमारे १.०२५ किलोग्रॅम भरते. फरक दिसायला अगदी थोडा आहे. आता आर्किमिडीजचा नियम लावून पाहू.

समजा, तुमचे वस्तुमान ५० किलोग्रॅम आहे आणि छातीभर श्वास घेतल्यावर तुमच्या शरीराचे आकारमान ५१ लिटर होते. तरंगताना शरीराने आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारले पाहिजे. प्रवरेत त्यासाठी ५० लिटर भाग बुडावा लागेल. म्हणजे १ लिटर भाग वर राहील. समुद्रात ५० ला १.०२५ ने भागा. सुमारे ४८.८ लिटर भाग बुडेल आणि २.२ लिटर वर राहील. पाण्याच्या घनतेत फरक अडीच टक्के, पण वर राहणारा भाग दुपटीहून जास्त!

आता श्वास सोडा. आकारमान दोन लिटरने कमी होऊन ४९ लिटर झाले असे धरू. नदीत तुम्ही बुडू लागाल, कारण ५० लिटर पाणी सारायला तेवढे शरीरच उरले नाही. समुद्रात मात्र ४८.८ लिटर पुरतात, म्हणून तुम्ही जेमतेम तरंगत राहाल. समुद्रात पोहणे सोपे वाटते ते यामुळे. पहिल्या पाच मिनिटांत नदीचा पोहणारा खूश होतो आणि हळूहळू पुढे पुढे जाऊ लागतो. धोक्याची सुरुवात पुष्कळदा अशी सुखाची असते.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. माणसाचा एक हात साधारण अडीच लिटर जागा व्यापतो. घाबरलेला माणूस दोन्ही हात पाण्याबाहेर काढून धडपडतो, तेव्हा पाच लिटर भाग पाण्याबाहेर गेलेला असतो. तरंगण्यासाठी मुभा होती ती दोनच लिटरची! साहजिकच डोके पाण्याखाली जाते. म्हणून जॅकेट नसताना अंगातले बळ संपत आले, तर उताणे व्हावे, हात पाण्यातच पसरावेत, तोंड वर ठेवावे आणि श्वास छातीत जास्त वेळ राहू द्यावा.

भोपळा आणि जॅकेट

पाठीवरचा भोपळा काय करीत होता, हे आता ध्यानात येईल. पाच लिटरचा वाळका भोपळा वजनाला जेमतेम अर्धा किलो. पण तो पूर्ण बुडाला तर पाच लिटर पाणी सारतो. म्हणजे साडेचार किलोचा आधार मिळतो. तारकर्लीला बोटीत बसताना जे नारिंगी जॅकेट देतात, ते म्हणजे सुधारलेला भोपळाच. चांगल्या जॅकेटातला फोम सात ते दहा किलोचा आधार देतो आणि तोही छातीशी, त्यामुळे तोंड वर राहायला मदत होते.

"मला पोहता येते, मला जॅकेट कशाला?" असे म्हणणारा एक गोष्ट विसरतो. बोट उलटताना डोक्याला मार बसू शकतो, अंगावर कोणी पडू शकते. बेशुद्ध माणसाला पोहता येत नाही; जॅकेट मात्र आपले काम करीतच असते. अट एकच, पट्टे घट्ट बांधलेले हवेत. सैल जॅकेट पाण्यात वर सरकते आणि माणूस खालून निसटतो.

छत्री, स्कूटर आणि हवेची टाकी

या खेळांत भौतिकशास्त्र कसे लपलेले आहे, तेही थोडक्यात पाहू.

उडत्या छत्रीला पॅरासेल म्हणतात. बोट दोराने तिला पुढे आणि खाली ओढते. समोरून येणारी हवा तिला मागे आणि वर रेटते. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. बोट ताशी २० किलोमीटर वेगाने जात आहे आणि वारा ताशी १० किलोमीटरचा आहे असे समजा. वाऱ्याच्या दिशेने गेल्यास छत्रीला लागणारी हवा ताशी १० किलोमीटरची. वाऱ्याविरुद्ध गेल्यास ३० ची. वेग तिप्पट, म्हणून रेटा नऊपट! वाऱ्याचा एखादा जोरदार झोत आला तर काय होईल, ते तुम्हीच ताडा. वारा फार असताना पॅरासेलिंग बंद ठेवतात, त्यावर हट्ट करू नये तो यासाठी. कोकणात दुपारी जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते आणि समुद्रावरून वारा सुटतो. म्हणून पाणी सकाळी शांत आणि दुपारी चाळवलेले आढळते.

पाण्यावरची स्कूटर खालून पाणी ओढून मागच्या नळीतून जोराने फेकते. पाणी मागे, स्कूटर पुढे. हा न्यूटनचा तिसरा नियम. विहिरीवरच्या मोटारीचे पाणी रबरी नळीतून जोरात सुटले की नळी हातात उलटी उसळते, तसलाच हा प्रकार. पण येथे एक मेख आहे. हँडल वळवले की मागची नळी वळते आणि फेकलेल्या पाण्यामुळेच स्कूटर वळते. चालवणाऱ्याने घाबरून वेग बंद केला तर पाणी फेकणे थांबते आणि हँडल फिरवूनही स्कूटर सरळच जात राहते. सायकलची सवय असलेल्याला हे उलटे वाटते. म्हणून ती जाणत्या चालकाच्या मागे बसूनच अनुभवावी, आणि पाण्यात असताना तिच्या वाटेत थांबू नये.

स्कूबाची बुडी म्हणजे बॉईलच्या नियमाचा धडा. समुद्रात दर १० मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. ५ मीटरवर तो पृष्ठभागाच्या दीडपट आणि १० मीटरवर दुप्पट असतो. विहिरीच्या तळाशी जाताना कान दुखतात ते या दाबानेच. पण स्कूबात खरी काळजी वर येताना घ्यायची असते. १० मीटरवर टाकीतून घेतलेली १ लिटर हवा श्वास रोखून वर आणली, तर पृष्ठभागाशी ती २ लिटर व्हायला पाहते आणि फुप्फुसाला इजा होते. विहिरीत श्वास रोखून बुडी मारणाऱ्याला हा त्रास नसतो, कारण त्याने हवा वरच घेतलेली असते. म्हणून विहिरीतली सवय येथे उलटी करावी लागते. टाकी लावली की श्वास कधीही रोखायचा नाही. तो सतत घेत आणि सोडत राहायचा.

लाट येते, पाणी येते का?

खोल पाण्यावर नारळाची करवंटी तरंगते आहे. लाट आली की ती वर जाते, थोडी पुढे सरकते, मग खाली येते आणि पुन्हा जवळजवळ मूळ जागी येते. म्हणजे लाटेबरोबर पाणी पुढे जात नाही. पुढे जाते ती ऊर्जा. पाण्याचे कण जागच्या जागी वर्तुळे काढतात.

किनारा जवळ आला की चित्र बदलते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटते. फुटलेली लाट मात्र खरोखरीच पाणी किनाऱ्याकडे ढकलते. मिनिटाला कितीतरी लाटा असे पाणी आणून टाकतात. हे सगळे पाणी परत कोठून जाते? हा प्रश्न किनाऱ्यावर फारच थोडे लोक विचारतात, आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच आहे.

समुद्रातली नदी

किनाऱ्यालगत पाण्याखाली वाळूचे दांडे असतात. त्यांत अधूनमधून खिंडी पडलेल्या असतात. किनाऱ्याशी साठलेले पाणी सोपी वाट शोधत अशा एखाद्या खिंडीत शिरते आणि तेथून वेगाने समुद्राकडे धावते. याला रिप करंट म्हणतात. आपण ओढप्रवाह म्हणू. ही खरोखर समुद्रातली नदीच आहे. फक्त तिचे दोन्ही काठ पाण्याचेच आहेत.

ती ओळखायची कशी? आपल्याकडे म्हण आहे, उथळ पाण्याला खळखळाट फार. समुद्रावर ती अक्षरशः खरी ठरते. जेथे दांड्यामुळे पाणी उथळ, तेथे लाटा फुटून पांढरा फेस उठतो. मधल्या खिंडीत पाणी खोल, म्हणून तेथे लाटा कमी फुटतात. दोन पांढऱ्या पट्ट्यांमधला गडद, शांत दिसणारा पट्टा. त्यात फेस, पालापाचोळा किंवा गढूळ वाळू समुद्राकडे सरकते आहे, अशी तिची खूण. नवखा माणूस नेमकी हीच जागा निवडतो. लाटांचा त्रास नको म्हणून तो संथ पाण्यात उतरतो आणि थेट प्रवाहाच्या वाटेत जातो.

आता तिचा वेग पाहू. ओढप्रवाह साधारणपणे सेकंदाला अर्धा ते एक मीटर धावतो. कधी दोन मीटरांहूनही अधिक. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चीनच्या पान झानलेने १०० मीटर अंतर ४६.४० सेकंदांत कापून विश्वविक्रम केला. त्याचा वेग सेकंदाला सुमारे २.१५ मीटर पडला. तुमच्यासारखा चांगला पोहणारा विद्यार्थी सेकंदाला ०.६ मीटर जातो असे धरा.

प्रवाह १ मीटर वेगाने समुद्राकडे आणि तुम्ही ०.६ मीटर वेगाने सरळ किनाऱ्याकडे. प्रत्येक सेकंदाला तुम्ही ०.४ मीटर मागे जाता. एका मिनिटात २४ मीटर. जीव तोडून हात मारता आणि किनारा दूरच जातो. येथे भीती वाटते, दम तुटतो. माणूस बुडतो तो या दमछाकीने. ओढप्रवाह कोणाला खाली खेचत नाही. तो फक्त बाहेर नेतो.

आता नदीची अक्कल वापरा. प्रवरेला पाणी चढले असताना जाणता पोहणारा प्रवाहाच्या तोंडावर झुंजत नाही. तो आडवा हात मारतो, प्रवाह नेईल तेवढे वाहत जातो आणि काठ गाठतो. समुद्रातल्या नदीलाही तेच करायचे. तिची रुंदी २० मीटर आहे आणि तुम्ही मधोमध आहात असे समजा. किनाऱ्याला समांतर, म्हणजे प्रवाहाला आडवे पोहलात, तर १० मीटर कापायला १० भागिले ०.६, म्हणजे सुमारे १७ सेकंद लागतील. तेवढ्यात प्रवाह तुम्हाला १७ मीटर आत नेईल. नेऊ द्या! तुम्ही प्रवाहातून सुटलात. आता जेथे पांढऱ्या लाटा फुटताहेत तिकडे वळा. त्याच लाटा तुम्हाला किनाऱ्याकडे ढकलतील. आडवे पोहण्याचीही ताकद नसेल, तर उताणे तरंगत राहा. लाटा फुटण्याची रेषा ओलांडली की हा प्रवाह बहुधा पसरतो आणि मंद होतो. जॅकेट असेल तर एक हात वर करून खूण करा.

भरतीची पाऊणकी

प्रवरेचे पाणी पावसाने किंवा धरणाच्या आवर्तनाने चढते-उतरते. समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, म्हणून भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते. मुंबईच्या आसपास जुन्या लोकांचा एक ढोबळ नियम आहे. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता. जुन्या पाऊणकीच्या पाढ्याचा हा उपयोग! मालवणला या वेळेत थोडा फरक पडतो, म्हणून तेथील गाबीत मच्छीमारांना विचारून घ्यावे.

कॅरिबियन समुद्रात बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीतला फरक अर्ध्या मीटरपेक्षाही कमी असतो. तेथील पुळण सकाळी दिसते तशीच जवळजवळ संध्याकाळी दिसते. मालवणच्या बाजूला उधाणाच्या दिवसांत हा फरक दोन मीटरांच्या आसपास, तर मुंबईला चार मीटरांहून अधिक होतो. म्हणून परदेशी चित्रात पाहिलेली मोकळीक येथे जशीच्या तशी उचलता येत नाही. सकाळी कमरेइतक्या पाण्यात जो दांडा सापडला, तेथे दुपारी डोक्यावरून पाणी असेल.

देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते, तेथे अधिक सावध राहावे. प्रवरासंगमाला दोन नद्या भेटतात. येथे नदी आणि समुद्र भेटतात. ओहोटी लागली की खाडीत शिरलेले भरतीचे पाणी आणि नदीचे पाणी मिळून अरुंद मुखातून बाहेर धावते. अशा वेळी मुखापाशी पोहणे म्हणजे पुरात उतरणेच होय. पावसाळ्यात तर समुद्र इतका खवळतो की मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा बंदच ठेवतात.

पाण्यात उतरण्यापूर्वी

किनाऱ्यावर पोचल्यावर दहा मिनिटे नुसते उभे राहून पाणी वाचा. लाटा कोठे फुटतात, कोठे फुटत नाहीत, फेस कोणीकडे जातो, भरती आहे की ओहोटी. जीवरक्षक आणि स्थानिक लोक यांना विचारा. लाल बावटा असेल तर पाण्यात जाऊ नका. एकट्याने किंवा अंधार पडल्यावर उतरू नका. कोणी बुडताना दिसला, तर आपण उडी घेऊ नये. पोहता येणारेच पुष्कळदा दुसऱ्याला वाचवताना जातात. आरडाओरडा करून मदत बोलवा आणि त्याच्याकडे तरंगणारी वस्तू फेका. बूच लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन म्हणजे जवळजवळ पाच किलोचा आधार. तुमच्या भोपळ्याचाच तो भाऊ!

करून पाहा

सरबत पिण्याची एक प्लॅस्टिकची नळी घ्या. खालचे तोंड मेणाने बंद करा आणि नळी उभी तरंगेल इतकी बारीक वाळू आत घाला. प्रवरेच्या पाण्यात तिचा १० सेंटिमीटर भाग बुडेल असे जमवा आणि पाण्याच्या पातळीवर खूण करा. मग एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवून त्यात नळी सोडा. खूण सुमारे अडीच मिलिमीटर वर आलेली दिसेल. अंड्याचा प्रयोग तुम्ही पाहिला असेल, पण ताजे अंडे समुद्राच्या पाण्यात तरंगत नाही. त्याला मीठ याहून पुष्कळ जास्त लागते.

उत्तरे काढा

१. ६० किलोग्रॅमच्या माणसाचे आकारमान ६१ लिटर आहे. नदीत आणि समुद्रात त्याचा किती लिटर भाग वर राहील?

२. षष्ठीला सहल मुंबईजवळच्या किनाऱ्यावर दुपारी पाच वाजता पोचली. पाणी चढत असेल की उतरत?

३. ओढप्रवाहाची रुंदी १६ मीटर, वेग सेकंदाला ०.८ मीटर. मधोमध सापडलेला विद्यार्थी सेकंदाला ०.५ मीटर वेगाने आडवा पोहतो. तो किती सेकंदांत सुटेल आणि तोवर किती आत जाईल?

४. मालवणचा पोहणारा मुलगा पाहुणा म्हणून नेवाशाला आला आणि प्रवरेच्या डोहात उतरला. त्याला कोणता फरक जाणवेल? त्याला तुम्ही कोणत्या सूचना द्याल?

शेवटच्या प्रश्नावर वर्गात चर्चा करा. सहलीच्या आदल्या दिवशी शिक्षकांनी फळ्यावर ओढप्रवाहाची आकृती काढून तिसरे उदाहरण सर्वांकडून सोडवून घेतले, तर तो तास वाया जाणार नाही.